गच्चीवरचा क्षार

बॉयलरवाले निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी चाळीस घरांच्या त्या स्वस्तातल्या इमारतीत त्यांना सगळे बॉयलरवालेच म्हणत. गच्चीवर सौर पॅनेल बसली आणि त्यांच्या विजेवर लिफ्ट चालू झाली, तेव्हा पॅनेलांची देखभाल त्यांनी हौसेने मागून घेतली. कारण उघड होतं. बायकोच्या गुडघ्यांनी कधीचा संप पुकारला होता, आणि चौथ्या मजल्यावरून ती दोन वर्षं खाली उतरली नव्हती. लिफ्ट आल्यापासून ते रोज चार वाजता तिला कोपराला धरून खाली न्यायचे. ती बाकावर बसायची, चार बायकांशी बोलायची. बाई पुन्हा माणसांत आली होती.

तर पॅनेलांची काय ती बडदास्त. रोज भर दुपारी बोअरवेलच्या नळाला पाइप लावून धुवायचे. पुसायचे नाहीत, वाळवायला ऊन आहेच की. स्वतःची आंघोळ एखाद्या दिवशी चुकेल, पॅनेलांची नाही.

सहा महिन्यांत लिफ्ट दुपारी तीनलाच मान टाकू लागली. बॅटरी भरेना. बायको चार वाजता चपला घालून दाराशी यायची, आणि चपला काढून परत आत जायची.

दोष कुणाचा, तर समोरच दोऱ्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरची शिवणवाली वहिनी शिवण्याआधी कापड भिजवून आटवायची आणि गच्चीवर वाळत घालायची.

"तुमच्या कापडांची सावली पडते," ते म्हणाले.

"सावली पलीकडे पडते हो भाऊजी, बघा तरी."

बघायचं कशाला? यांनी इमारतीच्या सभेत विषय काढला, लोकांनी माना डोलावल्या, दोऱ्या उतरल्या. वहिनी ओल्या कापडाची बादली घेऊन जिन्याने तळमजल्यावर जाऊ लागली. लिफ्ट मात्र आता दोनलाच बंद पडायला लागली. मग या गृहस्थांनी पॅनेल दिवसातून दोनदा धुवायला घेतली. आता बोला.

शेवटी तपासणीला एक इंजिनिअर मुलगी आली. तिने पॅनेलवर नख ओढलं. नखात पांढरी भुकटी आली.

"हे धुतं कोण?"

गच्चीच्या दारात वहिनी उभी होती, काय निघतंय ते ऐकायला. बॉयलरवाल्यांनी काचेवरून बोट फिरवलं. त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं त्यांनी बॉयलरच्या नळ्यांतून हाच क्षार खरवडून काढला होता. बोअरवेलचं जड पाणी तापून आटलं की मागे काय उरतं, हे कारखान्यात प्रत्येक नव्या कामगाराला ते स्वतःच शिकवायचे.

"मीच," ते म्हणाले.

मुलीने उपाय सांगितला. चार दिवस ते व्हिनेगरच्या पाण्यात फडकं बुडवून गुडघ्यांवर बसून काच पुसत होते. पाचव्या दिवशी बॅटरी भरली. त्यांनी आधी जाऊन वहिनीच्या दोऱ्या बांधल्या.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," वहिनी म्हणाली आणि कापड झटकून दोरीवर टाकलं. सावली पलीकडे पडली. या वेळी त्यांनी ती पाहिली.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. दोन महिने तिला वर कोणी अडकवून ठेवलं आणि वहिनीला जिने कोणी चढायला लावले, तेही. ती चपला हातात घेऊन ऐकत राहिली. चार वाजले तसे ते सवयीने तिच्या कोपराला धरायला पुढे झाले.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी वहिनीला घेऊन जाते."

लिफ्टचं दार मिटलं. ते तिथेच उभे राहून दारावरचा मजल्याचा आकडा बघत होते. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर बराच वेळ थांबली, मग खाली गेली.