घंटेनंतरचं गेट

घंटा झाली की शाळेचं गेट बंद. मग साक्षात देव आला तरी बाहेर! नव्या मुख्याध्यापिकाबाईंचा नियमच तो. आधीच्या पहारेकऱ्याने उशिरा आलेल्या पोरांवर दया केली, तर त्याच आठवड्यात त्याच्या हातात नारळ पडला. त्याच्या जागी आले गेटकाका. हे नाव पोरांनीच ठेवलेलं.

गेटकाकांची लेक याच शाळेत, शेवटच्या वर्षाला. हुशार इतकी, की तिची गणितं नुसती पाहून बापाला घेरी यावी. पण रोज उशीर! का? तर ऐका. आई रुग्णालयात रात्रपाळीला साफसफाई करते. बदलीची बाई आल्याशिवाय तिला निघता येत नाही, आणि ती बाई वेळेवर येईल तर शपथ. घरी आजी. तिला आताशा काही आठवत नाही. मागे गॅस सुरू ठेवून रस्त्यावर निघून गेली होती. काकांना तर सगळ्यांच्या आधी शाळेत हजर व्हायचं. मग आई येईपर्यंत म्हातारीपाशी बसणार कोण? लेकच. कितीदा तरी बापाच्याच हाताने तिच्यावर गेट बंद झालं होतं. आता आणखी एक गैरहजेरी पडली की शेवटची परीक्षा विसरा, असं वर्गात बजावलं होतं. आणि ही काकांची मुलगी, हे बाईंना ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं तर वर वशिल्याचा ठपका!

"बाबा, उद्या मी पळत येते," ती काल म्हणाली होती. "तुम्ही फक्त कुलपाशी जरा घोळ घाला."

"घालतो गं," काका म्हणाले होते.

आणि नेमक्या आजच बाई गेटवर! सोबत एक पाहुण्या. मुलं शाळा अर्धवट का सोडतात, त्यांच्या वाटेत काय आडवं येतं, ते शोधायला आल्या होत्या म्हणे.

घंटा झाली. लेक कोपऱ्यावर दिसली. दप्तर छातीशी धरून जीव खाऊन पळत होती. काकांनी किल्ली पाडली, शोधली, पुन्हा पाडली.

"काका, झोपलात का? लावा की!" बाई कडाडल्या.

नोकरी गेली तर म्हातारीचं औषध कुठून आणायचं? त्यांनी गेट ओढलं. लेकीची पावलं मंदावली. तिने बाईंकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि गेटवरून सरळ पुढे निघून गेली, जणू या शाळेशी तिचा काही संबंधच नाही.

"गणवेश तर इथलाच दिसतो," पाहुण्या म्हणाल्या. "ओळखता का हिला?"

"नाही, बाई." बोलून गेले आणि काकांना वाटलं, जीभ का नाही झडली माझी!

"बघा," पाहुण्या बाईंना म्हणाल्या, "दारापर्यंत येतात आणि निघून जातात. अभ्यासाची गोडीच नाही हो."

बाईंनी मान डोलावली. काकांनी कुलूप लावलं.

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा लेक आजीचे केस विंचरत होती. गणवेश घडी करून कपाटात वरच्या फळीवर गेला होता. काका दारातच उभे राहिले.

"आत या ना, बाबा, पाणी देते," ती म्हणाली. "आणि आईला सांगा, उद्यापासून धावतपळत यायला नको."