मधल्या स्पीकरची खाली गेलेली मान

मित्रांनो, टीव्हीखालच्या फळीवर आडवा पडलेला हा जुना स्पीकर म्हणजे मी. होम थिएटरच्या पाच भावंडांतला मधला. अंगावरच्या जाळीला पोचे पडले आहेत, पण माझी मान खाली आहे ती त्यामुळे नव्हे.

कारखान्यात तपासणी करणाऱ्या बाईंनी मला वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा स्वच्छ बोलतो." सिनेमातली माणसं जे बोलतात, ते बहुतेक सगळं माझ्याच तोंडून. गाणी, गडगडाट, हाणामारी बाकीचे चौघे सांभाळतात. एवढी वाटणी ध्यानात ठेवा, म्हणजे माझी लाज कळेल.

आमचे धनी फरशीच्या दुकानात विक्रेते. बजेट बेताचं, हौस दांडगी. दोन महिने त्यांनी दुकानांचे उंबरे झिजवले. जेवताना घास हातातच राहायचा आणि कुठला स्पीकर कुठल्या कोपऱ्यात, यावर व्याख्यान चालायचं. टीव्ही घरातलाच, अॅम्प्लिफायर वापरलेला, खिडकीला जाड चादरींचे पडदे. वायरसुद्धा मोजून आणली, वीतभरही जास्त नाही. "वायर कोण बघतं?" असं ते म्हणाले होते.

पहिल्या चाचणीत मी छान बोललो. मग धन्यांनी फळी बाजूला सरकवून भिंतीला टेकवली. ताणलेली वायर माझ्या पाठच्या खाचेतून निसटली, आणि त्या क्षणी मी मुका झालो.

संध्याकाळी सिनेमा लागला. गाड्या अशा गरजल्या, की कपाटातल्या बश्या थरथरल्या. माणसांचे मात्र नुसते ओठ हलत होते. शब्द आले ते दोन घरं पलीकडून आल्यासारखे.

"काय, कसं वाटतंय?" धन्यांनी विचारलं.

"वा! थेट थिएटरच!" शेजारचे काका म्हणाले.

माझं तोंड प्रेक्षकांकडे, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे मला दिसत. धनी हसले की काका हसत, काका हसले की धन्यांची बायको, घरच्या सूनबाई, हसत. त्यांची लेक चिमी टीव्हीच्या तळाशी पळणारी अक्षरं वाचून वेळ निभावत होती. दोन महिन्यांच्या व्याख्यानांवर पाणी कोण ओतणार? धन्यांचे वडील, अप्पा, तेवढे सरळ बोलले. "अरे, ही माणसं बोलतायत काय? मला काही ऐकू येत नाही."

"अप्पा, वय झालं आता तुमचं," धनी म्हणाले. झालं! एका वाक्यात अप्पा बहिरे ठरले.

त्या दिवसापासून घर त्यांच्याशी ओरडून बोलू लागलं. "अप्पा, जेवायला!" ही हाक जिन्यापर्यंत जाई. महत्त्वाचं बोलणं मात्र त्यांच्यासमोरच, हळू आवाजात होई. एकदा सूनबाई म्हणाल्या, "अहो, अप्पांची खोली चिमीला देऊ या. ते हॉलमध्ये झोपतील." धनी म्हणाले, "त्यांना कसं सांगायचं?" त्यावर सूनबाई म्हणाल्या, "सांगायचं कशाला? ऐकू कुठे येतंय त्यांना!" अप्पा समोरच्या खुर्चीत पेपर धरून बसले होते. पेपराचं पान बराच वेळ उलटलं नाही.

हॉलमध्ये कुणी नसलं, की ते मनगटावरचं घड्याळ काढून कानाशी धरत. मग दुसऱ्या कानाशी. मला ओरडून सांगावंसं वाटे, 'अप्पा, तुमचे कान शाबूत आहेत, जीभ माझी गेली आहे!' पण मुक्यानं ओरडावं कशानं?

शेवटी धन्यांनी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. परत आले तेव्हा धनी बूट न काढताच कोचावर बसले.

"किती ऐकू येतं म्हणे?" सूनबाईंनी नवऱ्याला हळूच विचारलं.

उत्तर अप्पांनी दिलं. "सगळं. माझी खोली चिमीला द्यायचं ठरलं, तेसुद्धा."

सूनबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "अहो, खरं सांगू? त्या टीव्हीवरचं बोलणं मलाही कधी ऐकू येत नाही."

"मी तर वाचते," चिमी म्हणाली.

धनी गुडघ्यांवर बसले. त्यांनी फळी पुढे ओढली. वायरचं उघडं टोक भिंतीशी लोंबत होतं. त्यांनी ते खाचेत बसवलं आणि सिनेमा लावला. मी इतक्या दिवसांचं एकदम बोललो.

"अरे, जरा कमी कर," अप्पा म्हणाले. "कान फाटतील."

सगळे हसले. अप्पांची खोली अप्पांकडेच राहिली. धनी पाहुण्यांना सांगतात, "तो मधला स्पीकर बिघडला होता हो!" त्यांना 'चुकलो, अप्पा' म्हणताना मात्र मी ऐकलं नाही. आता पाहुणे माझी स्तुती करतात, "काय स्पष्ट आवाज!" तेव्हा मला धरणीत गडप व्हावंसं वाटतं. कारण मला समोरची खुर्ची दिसते. अलीकडे एखादं वाक्य अप्पांना खरोखरच नीट कळत नाही. पूर्वी ते लगेच विचारत. आता ते नुसती मान डोलावतात, आणि सगळे हसले की हसतात.

मित्रांनो, मला रोज पुसू नका, जाळीचे पोचेही राहू द्या. पण घरातलं कुणी 'मला ऐकू येत नाही' म्हणालं, तर त्याचं वय मोजू नका. आधी उठा, फळी ओढा आणि वायर बघा. आणि तुम्हालाही ऐकू येत नसेल, तर तेव्हाच सांगा. त्या खुर्चीतल्या माणसाला एकटं पाडू नका.