ताटावरून उठलेला मास्तर

डेअरीतल्या कोल्ड रूमच्या मास्तराच्या बायकोला नवऱ्याचा भारी अभिमान, आणि तो लपवायची तिला मुळीच हौस नव्हती. बारा वर्षं राबला होता तो. मुख्य मास्तराची जागा त्यालाच मिळायला हवी होती. पण आडवा आला होता टकल्या, दुसऱ्या पाळीचा मास्तर. साहेबांच्या पुढेपुढे करण्यात पटाईत! निकाल उद्या सकाळी लागणार होता.

त्या संध्याकाळी मास्तर शीळ घालतच घरी आला.

"एवढं काय घबाड सापडलं?" तिनं विचारलं.

"टकल्याचे उद्या बारा वाजणार बघ! निघताना पाहिलं मी, साफसफाईनंतर कूलिंगचं मशीन सुरू करायलाच विसरलाय. सकाळपर्यंत सगळं दूध नासणार."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला नाक खुपसू? माझी पाळी संपली होती."

हे बरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण खरं सांगायचं तर आतून गुदगुल्याही झाल्या. जागा पदरात पडणार होती! तिनं ताटं वाढायला घेतली.

घरचा नियम मात्र नियम होता. ज्याच्यावर दिवसभरात डोकं फिरलं असेल, त्याच्यासाठी जेवणाआधी प्रार्थना करायची. नियम मास्तरानंच केलेला, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात, तिच्याशी कडाक्याचं भांडून झाल्यावर.

मास्तरानं डोळे मिटले. "प्रभू, टकल्याला सांभाळ. त्याच्या लेकरांना... त्याच्या कामाला..." पुढे शब्दच फुटेना. आमेन म्हणायला तोंड उघडलं, तेही जमेना. तिनं एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर हा बाबा उठून पायात बूट घालत होता.

"अहो, जेवण!"

"झाकून ठेव," म्हणत त्यानं सायकल काढली.

मशीन सुरू झालं, दूध वाचलं. साहेबांना त्यानं अवाक्षर सांगितलं नाही. टकल्या म्हणाला, "मी करणारच होतो." निर्लज्ज मेला! दुसऱ्या दिवशी जागा टकल्यालाच मिळाली.

रविवारी उपासनेनंतर पाळकबाईंनी तिचा हात हातात घेतला. "फार वाईट वाटलं हो. सगळी मंडळी प्रार्थना करत होती, पण या वेळी देवानं नाही ऐकलं."

मान ताठ करून ती चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ते राहू द्या, बाई. त्या संध्याकाळी देव बोलला, आणि माझ्या नवऱ्यानं ऐकलं!"