कशापासून मोकळा

दोन आंतरराष्ट्रीय संघटना एकाच शाळेत बसत. शस्त्रसंधीचे निरीक्षक सातवीच्या वर्गात, लष्करी आघाडीची तुकडी आठवीच्या वर्गात. मधल्या व्हरांड्यातून कागद नेणं-आणणं हे माझं काम. पदार्थविज्ञान शिकून पोरगी पोस्टमन झाली, असं ताई म्हणायची.

ताई नर्स. त्या सकाळी सीमेलगतचं रुग्णालय हलवायचं होतं आणि पहिल्या बसमध्ये चोवीस रुग्णांसोबत ती होती.

आठवीतल्या सुभेदारांना सगळे मामा म्हणत. त्यांनी कागद दिला: पुलापलीकडचा रस्ता मोकळा. मी तो सातवीत नेला. निरीक्षकबाईंनी नकाशावर हिरवी रेघ ओढली आणि वायरलेसवरून बस सोडली.

आमच्या प्रयोगशाळेत एकक न लिहिलेल्या आकड्याला गुण मिळत नसत. त्याच खोडीने मी परत येऊन मामांना विचारलं, "कशापासून मोकळा?"

ड्रोनमधून पाहिलं, झाडं नाहीत, गाड्या आडव्या नाहीत, असं ते म्हणाले. भूसुरुंगांचं विचारल्यावर थबकले.

"ते तुमच्या बाई बघतात ना?"

बाईंकडे तर सुरुंग काढून झाल्याशिवाय 'मोकळा' हा शब्द कुणी लिहीतच नसे.

मी धावले. बाईंनी माइक ओढला. बस पूल ओलांडून सहाशे मीटर पुढे गेली होती.

"थांबा. कुणीही खाली उतरू नका."

"मग काय, उडू?" ड्रायव्हर म्हणाला.

तोवर मामा माझ्यामागोमाग आले होते. एवढ्या दिवसांत त्यांनी व्हरांडा पहिल्यांदाच ओलांडला. बाईंनी माइक त्यांच्या हातात दिला. आलात त्याच चाकोऱ्यांवरून मागे या, तसूभरही सरकू नका, असं त्यांनी सांगितलं. ड्रायव्हरला आरशात चाकोऱ्या दिसेनात. मागच्या काचेपाशी मी उभी राहते, असा ताईचा आवाज आला.

मग बावीस मिनिटं आम्ही तिघं तेवढंच ऐकत होतो. "डावीकडे. अजून थोडं. बस. आता सरळ." तिचा आवाज एकदाही चढला नाही. मामा मात्र टेबलाची कड घट्ट धरून उभे होते.

बस पुलावर आली, तेव्हा बाईंनी हिरवी रेघ बोटानेच पुसली.

थोड्या वेळाने ताई वायरलेसवर आली. "पोस्टमन, यापुढे पत्र पोचवायच्या आधी वाचत जा."

मामांनी कोरा कागद पुढे ओढला, 'रस्ता मोकळा. कशापासून:' असं लिहिलं आणि त्याच्यापुढे मोठी जागा सोडून तो बाईंकडे सरकवला.