तुऱ्हाटीले भेणारी गाडी

"गाडी भंगारात घालतं? मंग मलेही तिच्यासंगं तोल," असं म्हणून मी मागच्या सीटवर मांडी घालून बसले. माझा लेक नागसेन कपाळाला हात लावून अंगणात उभा.

ही आमची जुनी अॅम्बॅसिडर. आमचे माणिकराव सरकारी हापिसात ड्रायव्हर होते. उभा जन्म त्यांनी साहेबांसाठी तिचं दार उघडलं. गाडी लिलावात निघाली, तर तीच घेऊन घरी आले, मागचं दार उघडलं आन मला म्हणाले, "बसा." तेव्हापासून मी पुढं कधी बसले नाही. ते गेले, तरी नाही.

मागच्या जयंतीला नागसेननं ती पांढरी गाडी निळी केली. एक पांढरा ठिपका दिसू नये म्हणून ब्रशानं हातावर हात मारले. मिरवणुकीत काय शोभली! पण तिथूनच तिला खोड लागली. गावात गुमान चाले. बुलढाण्याला निघालं की राजूरच्या घाटात, निम्म्या चढावर, आचके देऊन बंद.

पेट्रोलचा काटा तर कधीचाच मेलेला. म्हणून डिकीत एक तुऱ्हाटी ठेवलेली असे. गाडी थांबली की आधी टाकीचं झाकण काढायचं, तुरीची ती काडी आत बुडवायची आन किती ओली झाली ते पाहायचं. पेट्रोल असायचंच. झाकण लावून किल्ली मारत राहिलं की गाडी चालू! सून समता हसे, "आत्याबाई, गाडी काडीले भेते, आडेल बैलावानी." शेजारची जनकाबाई म्हणाली, घाटात काहीतरी आहे, लिंबू बांधा. मी म्हटलं, "आमच्या इथं लिंबू वरणात पिळतेत."

मोताळ्याच्या हर्षल मिस्तरीनं कार्बोरेटर धुतला, पंप बदलला, नळ्या फुंकल्या. त्याच्या दारात गाडी वाघ, घाटात मेंढरू. "काकू, इंजिनाले पेट्रोल कमी पडून राह्यलं येवढं पक्कं," तो म्हणाला, "पण काऊन, थे काही सापडून नाही राह्यलं." मग नागसेननं बुलढाण्याच्या भंगारवाल्याला शब्द दिला.

"एक शर्त," मी सीटवरून म्हटलं. "न थांबता घाट चढली, तर भंगाराचं नाव काढाचं नाही. बंद पडली, तर म्या माह्या पायानं उतरून यष्टीनं घरी येईन."

"माय, थे बंद पडणारच हाय."

"मंग भेतं काऊन? चालव."

निम्म्या घाटात गाडीनं आचके दिले आन थांबली. मी पदर सावरला आन उतरले. शब्द म्हणजे शब्द.

त्यानं सवयीनं डिकी उघडली. तुऱ्हाटी नव्हती, समतानं चुलीत घातली असणार. करवादत त्यानं नुसतंच टाकीचं झाकण फिरवलं. मी बाजूलाच उभी होते. सुस्स झालं. पाण्याखालून वर आलेलं माणूस श्वास ओढतं तसं.

"लाव झाकण. मार किल्ली," मी म्हटलं.

"आता काय उपेग हाय?"

"मार म्हणते ना बे!"

गाडी चालू झाली. काडी बुडवलीच नाही, तरी चालू झाली.

"काडीचं काही नाही रे. झाकण काहाडलं की चालते थे," मी म्हटलं. "तेलाच्या पिप्याले एकच भोक पाडलं तर तेल येते का? हवा आत जाईन तवा तेल बाहीर येईन. गावात जराशी फिरते म्हणून निभते, घाटात येईपरेंत आतली हवा पुरत नाही. आण थे झाकण इकडं."

झाकणाच्या मधोमध बारीक छिद्र असतं, हवेसाठी. आमच्या झाकणावर निळ्या रंगाचा जाड थर. नागसेननं पाहिलं आन त्याचा चेहरा उतरला.

"म्याच रंगवलं थे."

"मंग? रंग काही वाईट नाही. नाक बुजवलं थे वाईट." मी बांगडीतली सेफ्टी पिन काढली आन रंग टोकरून आरपार छिद्र मोकळं केलं. "आता गाडी खाली घे. पायथ्यापासून पुन्हा चढव."

"माय, तू तर शर्त हारली ना!"

"हारली म्हणून उतरली. यष्टी येईपरेंत पुन्हा बसत नाही असं कवा म्हटलं होतं?"

पायथ्याला वळवून तो पुन्हा निघाला. जिथं ती नेहमी मरायची ते वळण आलं तसं नागसेननं स्टेअरिंग घट्ट धरलं. मी तर समोरच्या सीटची पाठच धरून बसले होते, पण ते त्याला दिसू दिलं नाही. वळण गेलं. त्याच्या पुढचंही गेलं. गाडी एका दमात माथ्यावर आली.

तेवढ्यात भंगारवाल्याचा फोन आला. नागसेननं आरशातून माझ्याकडं पाहिलं आन फोन मागं दिला.

"येऊन राह्यलो भाऊ," मी म्हटलं. "पण चहा प्यायले. वजनकाटा झाकून ठेव."

फोन परत दिला आन पाय पसरले.

"काचा खाली कर, नागसेन. बुलढाण्यातून जाताना मागं कोण बसलं हाय, थे दिसू दे लोकाईले."