हॉपरचे पोचे

वितळलेल्या लोखंडातलं गंधक काढायचं तर त्यात चुन्याची भुकटी जावी लागते, आणि ती वरून टाकून भागत नाही. हॉपरमधून, म्हणजे पत्र्याच्या नरसाळ्यासारख्या टाकीतून, वायूच्या जोरावर, नळीवाटे थेट लोखंडाच्या पोटात फुंकावी लागते. हे फुंकण्याचं काम थोरली एकोणीस वर्षं करत होती. भुकटी हॉपरच्या निमुळत्या तळाशी अडून बसली की नळीचा आवाज बसायचा. थोरली उठायची, बाबांनी याच कामावरून निवृत्त होताना दिलेली हातोडी घ्यायची आणि हॉपरला दोन टोले द्यायची. भुकटी मुकाट्याने सरकायची. साहेबसुद्धा म्हणायचे, "हिचा हात लागल्याशिवाय हॉपर ऐकत नाही."

मग धाकटी इंजिनिअर होऊन त्याच खात्यात आली, आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. शिफ्ट इन्चार्जची जागा निघाली, यादीत दोघींची नावं लागली, तेव्हा तर तिला बहिणीचं हसणंही खुपायला लागलं.

रविवारी जेवताना बाबा म्हणाले, "अगं, हिने मला हॉपरचा दाब फोनवर दाखवला. घरबसल्या! आम्ही मेलो कान लावून लावून."

"कान लावायला अक्कल लागते, बाबा."

"लागते ना. पण हिला कान लावावाच लागत नाही."

थोरलीने अर्ध्या ताटावर हात धुतला.

हल्ली हॉपर दिवसातून दहा-दहा वेळा चोंदत होता. कारण शोधायला साहेबांनी धाकटीला सांगितलं, थोरलीला नाही. दुरुस्तीसाठी काम बंद होतं त्या दिवशी धाकटीने हॉपरचं झाकण उघडलं आणि आत बॅटरी मारली.

"ताई, जरा बघतेस?"

थोरलीने आत डोकं घातलं. बाहेरून जिथे जिथे टोला बसला होता, तिथे तिथे आत पत्रा फुगून आला होता. प्रत्येक फुगवट्यावर भुकटीची पांढरी टोपी. भुकटी तिथेच अडत होती. अडली की टोला, टोल्याने नवा फुगवटा, त्यावर पुन्हा भुकटी.

वरून क्रेनवाला ओरडला, "काय ताई, हॉपरला देवी आल्या होत्या की काय?"

"तू तुझ्या क्रेनचा आकडा सांभाळ," थोरली म्हणाली. तिचे कान तापले होते.

दुपारी तिथेच कट्ट्यावर धाकटीने अहवालाचा कागद पुढे केला. चार वाजता तो साहेबांकडे जायचा होता, आणि जागेचा निर्णय त्यानंतरच होणार होता. "पत्रा जुना झालाय, बदलावा, एवढंच लिहिलंय मी. हातोडीचं नाव काढलेलं नाही."

"का?"

"का म्हणजे? ताई आहेस तू माझी."

हुशारी तिची. बाबांचं कौतुक तिचं. आता मनाचा मोठेपणाही तिचाच! जागा आपल्याला मिळेलही, पण त्या खुर्चीत बसताना हा कागद रोज टाचणीसारखा टोचणार. थोरलीने धाकटीच्या खिशातलं पेन ओढलं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'हातोडीच्या टोल्यांनी पोचे पडले. टोले माझे.' आणि सही ठोकली.

"अगं, वेडी की काय तू! जागा जाईल. आणि यातले निम्मे तरी बाबांचे असतील."

"बाबा डावखुरे. त्यांचे पोचे पलीकडच्या अंगाला, मोजून सात-आठ. हे इकडचे सगळे माझे."

"पण कशाला?"

"सगळंच तुला कशाला हवं?"

धाकटीचे डोळे भरले. तेही थोरलीला आवडलं नाही. रडूसुद्धा हिला किती शोभतं!

थोरली जिना उतरायला निघाली. सवयीने हातोडी उचलली, मग आता काय उपयोग म्हणून कट्ट्यावर ठेवली. दोन पायऱ्या उतरली, परत वर आली आणि धाकटीकडे न बघता हातोडी घेऊन गेली. बाबांनी ती तिलाच दिली होती.