मास्तरांच्या उशाजवळची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मला हात नाहीत, पाठ सरळ आहे आणि बैठक वेताची आहे. आता त्या वेताला झोळ पडला आहे. तो कुणाच्या वजनाने पडला, तेच सांगायचं आहे.

एका अबोल सुताराने उरल्यासुरल्या सागवानातून मला घडवलं. त्याच्याकडून एका टेलरमास्तरांनी मला आपल्या दुकानात नेलं. दुकान कसलं, खोपटंच ते. एक शिलाई मशीन, कापड बेतायचं टेबल, भिंतीला आरसा. मास्तर स्वतः स्टुलावर बसत. मी गिऱ्हाइकांसाठी होते.

मास्तरांची एक रीत होती. माप द्यायला कुणीही आलं, की टेप गळ्यातच ठेवून ते आधी माझ्याकडे बोट दाखवत.

"बसा. श्वास खाली बसू द्या. धापा टाकणाऱ्याच्या छातीचं माप खोटं येतं."

"मास्तर, सदरा शिवायचाय, लग्न नाही जमवायचं," एखादा घाईतला कुरकुरे.

"लग्न झालंय तुमचं, ते पोटावरूनच दिसतंय. बसा."

मग तो हसत बसे. बसला की बोलू लागे. एक बाई नवऱ्याचा कोट मुलाच्या मापाचा करून घ्यायला आली होती. नवरा नुकताच गेला होता. कोट मांडीवर घेऊन ती बराच वेळ रडली. मास्तरांनी तळहाताने मशीनचं चाक थांबवलं आणि ते नुसते तिच्याकडे बघत राहिले. उपदेश नाही, घड्याळाकडे नजर नाही. लोक म्हणत, मास्तर कपडे उशिरा देतात, पण तिथून निघताना हलकं वाटतं. ही स्तुती मला माझीही वाटायची.

पुढे मास्तरांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दुकान बंद झालं. त्यांच्या मुलाने मला घरी आणलं. "अण्णांच्या उशाशी राहू दे. येणारा-जाणारा बसेल," तो बायकोला म्हणाला.

मुलगा गुणाचा होता. सूनही मायाळू. दोघं नोकरी सांभाळून मास्तरांचं सगळं करत. सुरुवातीला माझ्यावर माणसं बसली. मग एक औषधाची बाटली आली, आत्तापुरती. तिच्या सोबतीला पाण्याचा तांब्या आला, नॅपकिन आला, गोळ्यांचा डबा आला. बघता बघता माझं फडताळ झालं. भेटायला येणारे दारातच उभे राहत, "बरं आहे ना मास्तर?" विचारत आणि निघून जात.

मास्तर डाव्या हाताने माझ्या कडेवर थापटत. मुलगा धावत येई.

"काय अण्णा, पाणी?"

तो पाणी पाजे. मास्तर पुन्हा थापटत.

"गोळी? आत्ताच दिली की."

पांघरूण नीट करून तो कामाला लागे. औषधाची वेळ त्या घरात कधी चुकली नाही हो. पण मास्तरांना औषध नको होतं. आपलं पोर घटकाभर शेजारी टेकावं, एवढंच त्यांना हवं होतं. मला ते कळत होतं. सांगणार कशी?

एके दिवशी मास्तरांनी सगळा जोर लावून माझ्यावरचं सामान हाताने लोटून दिलं. बाटली फुटली, फरशीभर औषध झालं.

"अण्णा, असं नका ना करू," मुलगा काचा वेचत काकुळतीला येऊन म्हणाला. मग बायकोकडे वळला. "हात ताब्यात राहिला नाही गं त्यांचा."

आणि मास्तरांचा हात पोहोचणार नाही इतकं त्याने मला लांब सरकवलं. बापाने त्याच्यासाठी जागा केली होती.

त्यानंतरची गोष्ट. एका दुपारी चादर बदलून सुनेची कंबर भरून आली. तिने माझ्यावरचं सामान खाली ठेवलं, मला पलंगाजवळ ओढलं आणि डोळे मिटून धपकन बसली. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, तर मास्तरांचा हात तिच्या हातावर होता. चेहरा कधी नव्हे इतका शांत.

"अगंबाई, बसा म्हणत होतात होय अण्णा? आणि आम्ही आपलं पाणी पाजतोय."

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, "त्यांना काही नको असतं. तुम्ही जवळ बसायला हवे असता."

"हा आठवडा दोन-दोन पाळ्या आहेत गं. रविवारी बसतो. अगदी निवांत."

ती मात्र रोज बसू लागली. मास्तर तिचा हात धरत आणि दाराकडे बघत.

शुक्रवारी सकाळी, मुलगा बाहेरच्या खोलीत बुटांच्या नाड्या बांधत असताना, मास्तर गेले.

रविवारी तो आला आणि माझ्यावर बसला. समोर पलंगावर गादी गुंडाळून ठेवली होती. फरशीवरचं ऊन सरकत सरकत भिंतीवर गेलं, तरी तो उठला नाही. माझा वेत त्या दिवशी खचला. लोक म्हणतात, जुना झाला होता.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारी असेल, थकलेलं असेल किंवा नुसतंच गप्प गप्प असेल, तर त्यांना औषध द्या, पाणी द्या. पण त्यांच्याजवळच्या खुर्चीवर सामान ठेवू नका. तिथे तुम्ही बसा. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल. आणि बसायचं असेल, तर आजच बसा.